वाद्यवृंदातील अपरिचित नाद
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेले व्याख्यान)



शाळेचा बँड म्हटला की ढोल, झांजा आणि बिगूल डोळ्यांसमोर उभे राहतात. ही वाद्ये विकत घेण्याइतका पैसा नाही, म्हणून आमच्या शाळेत वाद्यवृंद नाही, असे पुष्कळदा ऐकावयास मिळते. दुसरीकडे, जेथे वाद्ये आहेत तेथे दहा-बारा मुले वाजवितात आणि उरलेली वर्गभर मुले केवळ पाहत राहतात. या दोन्ही अडचणींवर एक मार्ग जगातील थोर रचनाकारांनीच दाखवून दिला आहे.

रिखार्ड स्ट्राउस या जर्मन रचनाकाराची ‘आल्पाइन सिंफनी’ १९१५ साली प्रथम वाजविली गेली. तिच्यातील पर्वतावरचे वादळ दोन साध्या साधनांनी उभे राहते. लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर कापड ताणून ते पिंप हाताने फिरविले की वारा घोंगावतो. गती वाढविली की त्याचा स्वर चढतो. टांगलेला पातळ पत्रा हलविला की मेघगर्जना होते. लिरॉय अँडरसन या अमेरिकन रचनाकाराने तर १९५४ साली ‘सँडपेपर बॅले’ या रचनेत सुताराचा पॉलिशपेपरच वाद्य म्हणून योजिला. तो लाकडी ठोकळ्यांना लावून तालात घासला असता नर्तकाच्या मऊ पावलांचा भास होतो.

फुंकवाद्यांच्या बँडमध्येही असे प्रयोग झाले आहेत. जोसेफ श्वांटनर यांच्या १९७७ सालच्या ‘अँड द माउंटन्स रायझिंग नोव्हेअर’ या रचनेत सुरात लावलेले काचेचे पेले वाजतात. ओले बोट पेल्याच्या काठावरून फिरविले की ते क्षणोक्षणी अडते व सुटते; त्यातून काच कंप पावते. पाणी वाढविले की स्वर उतरतो. आपल्या जलतरंगाचाही नियम हाच. काशाची मोठी थाळी वाजवून ती हळूहळू पाण्यात बुडविली असता तिचा स्वर खाली घसरत जातो, कारण पाण्याच्या भाराने कंप मंदावतात. झांजेच्या काठावर व्हायोलिनचा गज ओढला, तर तिच्यातून दीर्घ, झिरपता स्वर निघतो.

मात्र एक इशारा दिला पाहिजे. डबे बडविणे म्हणजे संगीत नव्हे. या सर्व उदाहरणांत प्रत्येक नादाला नेमके स्थान व नेमका अर्थ आहे. म्हणून प्रथम मुलांना दोन मिनिटे स्तब्ध बसवून भोवतालचे आवाज ऐकावयास सांगावे. नंतर पावसाची कविता घ्यावी. कोरडी पाने चुरगाळून वारा, बोटांनी बाकावर टिचक्या मारून पहिले थेंब, सुपात धान्य घोळवून सर आणि पत्रा हलवून गडगडाट करवावा. कोणता नाद केव्हा यावा आणि केव्हा थांबावा, हे मुलांनीच ठरवावे. पत्र्याच्या कडा मात्र दुमडलेल्या असाव्यात, आणि काचेचे पेले शिक्षकांनीच हाताळावेत.

या योजनेत ज्याचा गळा गोड नाही त्यालाही काम मिळते. योग्य क्षणापर्यंत हात आवरून धरणारा मुलगा ताल शिकतो, आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवयही त्याला लागते. पैशावाचून होणारे हे शिक्षण आपण आपल्या वर्गात अवश्य आरंभावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.