सगळ्यांच्या हाती खडू



आधी एक गोंधळ दूर करतो. डिजिटल व्हाइटबोर्ड म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचा टच-स्क्रीनचा फळा डोळ्यांसमोर येतो. आज मी त्याबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे ते ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या फळ्याबद्दल. एकाने लिंक पाठवायची, बाकीच्यांनी ती उघडायची, आणि पुणे, बंगळूर, स्टुटगार्ट, जिथे असाल तिथून त्याच फळ्यावर एकाच वेळी लिहायचं. हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी मुलं-मुली इथे असतील, त्यांच्यासाठी हे रोजचंच झालंय.

ही कल्पना मात्र कोविडमध्ये जन्मलेली नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसून मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम करून दाखवलं. दोघांचे पॉइंटर एकाच पडद्यावर फिरत होते. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात 'कोलॅब' नावाची एक बैठकीची खोलीच बांधली गेली. प्रत्येकासमोर संगणक, आणि समोर एक मोठा सामाईक पडदा. १९८७ साली मार्क स्टेफिक आणि सहकाऱ्यांनी त्यावर जो निबंध लिहिला, त्यात खडू-फळ्याच्या तक्रारींची यादीच आहे. जागा अपुरी पडते, मजकूर इकडचा तिकडे हलवता येत नाही, अक्षर लागत नाही, आणि आजच्या बैठकीत लिहिलेलं पुढच्या बैठकीआधी कुणीतरी पुसून टाकतं. ही शेवटची तक्रार लक्षात ठेवा.

माझ्या मते त्या यादीतल्या जागेच्या तक्रारीपेक्षा मोठी अडचण होती खडूची. खडू एक, आणि तो एकाच्या हातात. बाकीच्यांनी बोलायचं, त्याने लिहायचं, आणि त्याला पटलं तेवढंच फळ्यावर चढायचं. गटात बसून कल्पना काढण्याचं तंत्र अमेरिकेत ॲलेक्स ऑस्बॉर्नने लोकप्रिय केलं. १९५८ साली येल विद्यापीठात त्या तंत्राची परीक्षा झाली. एकत्र बसवलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळ्या बसवलेल्या चौघांच्या कल्पना, सारख्या सारख्या वगळूनही, जास्त भरल्या. असं का, याचा शोध १९८७ साली जर्मनीत डील आणि श्ट्रोबं या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. मुख्य कारण त्यांना सापडलं ते अगदी साधं. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. पाळी येईपर्यंत बाकीच्यांचं सुचलेलं विरून जातं, नाहीतर आता कशाला सांगायचं म्हणून मनातच राहतं.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर. साहेब बोलल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही, आणि साहेब बोलल्यावर उघडायचं कारण उरत नाही.

आता एखाद्या टीमची 'रेट्रो', म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घेणारी बैठक, बघा. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, स्टुटगार्टला उन्हाळ्यात दुपारचे तीन. बोर्डवर तीन रकाने: काय जमलं, काय अडलं, पुढे काय. टायमर पाच मिनिटांवर, आणि सगळे गप्प. पिवळ्या चिठ्ठ्या पटापट उमटतात. 'प्रायव्हेट मोड' चालू असेल तर दुसऱ्याने काय लिहिलंय ते वेळ संपेपर्यंत दिसत नाही. मग चिठ्ठ्या उघडतात, आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीची 'टेस्टिंगला वेळच दिला नाही' ही चिठ्ठी मॅनेजरच्या चिठ्ठीशेजारी, तेवढ्याच आकारात दिसते. तोंडी बैठकीत ती हे बोलली असती का? मला शंका आहे.

इतके हात एकाच वेळी चालूनही फळ्याचा बट्ट्याबोळ कसा होत नाही? समजा, पुण्यातला एकजण चिठ्ठी डावीकडे ओढतोय आणि त्याच क्षणी स्टुटगार्टची बाई तीच उजवीकडे नेतेय. चिठ्ठीला कुलूप लावलं तर दोघांपैकी एकाला थांबावं लागेल, आणि काम अडखळेल. फिग्मा कंपनीच्या इव्हान वॉलेसने २०१९ मध्ये आपली पद्धत उघड लिहून ठेवली आहे. प्रत्येक गुणधर्म वेगळा धरायचा. दोघांनी जागा बदलली, तर सर्व्हरवर शेवटी पोहोचलेली जागा टिकते. एकाने जागा बदलली आणि दुसऱ्याने रंग, तर दोन्ही टिकतात. क्रमासाठी तर शाळकरी युक्ती. प्रत्येक वस्तूला शून्य आणि एक यांच्यामधला अपूर्णांक द्यायचा. ०.५ आणि ०.६ यांच्यामध्ये काही घालायचं असेल तर त्याला ०.५५. बाकी कुणाला हलवायची गरज नाही. मला या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम हेच वाटतं.

असे फळे बनवणाऱ्या कंपन्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. रशियातल्या पर्म शहरात २०११ साली 'रिअलटाइमबोर्ड' निघाला. २०१९ मध्ये त्याने जुआन मिरो या चित्रकारावरून 'मिरो' हे नाव घेतलं, आणि २०२२ मध्ये त्याचं मूल्यांकन साडेसतरा अब्ज डॉलरवर गेलं. 'म्युरल'ही २०११चाच, अर्जेंटिनातला. फिग्माचा 'फिगजॅम' आला २०२१ मध्ये.

आता ती शेवटची तक्रार. कोलॅबवाल्यांना पुसलं जाण्याची भीती होती. या नव्या कंपन्यांनी ती इतकी मनावर घेतली की फळा अमर्याद करून टाकला. कोपरा नाही, काठ नाही. जागा संपतच नाही, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवण्याची वेळही येत नाही. लाकडी फळ्याची चौकट तो निर्णय आपल्याला सक्तीने घ्यायला लावत होती. आता जानेवारीची रेट्रो, मार्चचा आराखडा, मधेच कुणाचा तरी वाढदिवस, सगळं एकाच बोर्डवर साठत जातं. झूम आउट केलं की चिठ्ठ्या मोहरीएवढ्या होतात. नवीन माणसाला लिंक देऊन सांगतात, 'सगळं बोर्डवर आहे.' असतंही. पण त्यातलं कुठलं ठरलं होतं आणि कुठलं नुसतं सुचलं होतं, हे चिठ्ठीच्या रंगावरून कळत नाही.

आणि साठवलेलं कायमचं असतं, हाही भ्रमच. गूगलने २०१६ मध्ये 'जॅमबोर्ड' हा टच-स्क्रीनचा फळा जाहीर केला. नुसत्या यंत्राची किंमत जवळपास पाच हजार डॉलर होती. त्याचं ॲप फुकट होतं आणि शाळाशाळांत वापरलं गेलं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी ते बंद झालं. दुसरीकडे न हलवलेल्या फळ्यांच्या पीडीएफ झाल्या. चिठ्ठ्या दिसतात, पण हलत नाहीत.

म्हणून कुणी सल्ला विचारला तर मी सांगतो, बैठकीची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. जे ठरलं ते पूर्ण वाक्यात, नावासकट, साध्या दस्तऐवजात उतरवा आणि बोर्ड बंद करा. रोजच्या कामाला मी स्वतः 'एक्सकॅलिड्रॉ' वापरतो. २०२० च्या जानेवारीत ख्रिस्तोफर शेदोने सुरू केलेला, मुक्तस्रोत. त्यातली रेघ मुद्दाम हाताने काढल्यासारखी वेडीवाकडी ठेवली आहे. त्यामुळे आकृती कच्ची दिसते, आणि कच्च्या आकृतीवर काट मारायला कुणी कचरत नाही. सामाईक खोली उघडली तर मजकूर कुलूपबंद होऊनच सर्व्हरवर जातो, कारण किल्ली लिंकच्या शेपटाला असते आणि ती सर्व्हरकडे पोहोचतच नाही. तासभर चौघांनी मिळून खरडायचं, निर्णय लिहून घ्यायचा आणि टॅब बंद करायचा. त्यावर मागच्या वर्षीचं काही शोधायला मी कधी जात नाही.