अंगणांतील उतरंड

उंच मुलें मागें, ठेंगणीं पुढें, हा नियम मीं वर्गांत आयुष्यभर पाळला. अंगणांत मात्र तो विसरलों. दक्षिणेच्या कुंपणाशीं जास्वंद लावली व तिच्यामागें मोगरा. पुण्यास डिसेंबरांत भर दुपारींहि ६ फुटी झाडाची सावली ५ फुटांहून लांब पडते. मोगरा सारी थंडी त्या सावलींत राहिला. चैत्रांत घरच्या देवपूजेला जेमतेम दोन कळ्या मिळाल्या. गृहिणी कांहीं बोलली नाहीं. तें अधिक लागलें.

पावसाळ्यांत ती जास्वंद तोडली (हात कचरला, हें कबूल करतों) व तिच्याच फांद्या उत्तरेस, घराच्या भिंतीपासून दोन हात सोडून लावल्या. त्यांच्यापुढें कमरेइतका छाटलेला मोगरा, मग अबोली, वाटेच्या कडेला पावसाळी लिली. अबोलीचीं रोपें सुटीं नकोत. पांच-सात एकत्र असलीं, तरच रंगाचा पट्टा उठून दिसतो. यंदा चैत्रांत परडी भरली.