आधी चाल, मग चित्र



भावगीतांचा विषय निघाला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो : आधी शब्द की आधी चाल? त्यावर रात्र रात्र वाद घालणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आज तोच प्रश्न मला जरा दूरच्या मुलखात न्यायचा आहे. अमेरिकेत वाद्यवृंदासाठी लिहिणारे आणि चित्रपटालाही संगीत देणारे जे संगीतकार आपल्या काळात झाले, त्यांच्यापुढे तो असा उभा राहतो : आधी चित्र की आधी संगीत?

रिवाज ठरलेला आहे. चित्रीकरण उरकतं, संकलन होतं आणि मग संगीतकाराला बोलावणं जातं. सेकंदाला २४ चौकटी पळत असतात. दार कितव्या चौकटीत उघडतं, नायिका कुठे मान वळवते, हे आधीच पक्कं झालेलं. ध्वनिमुद्रणात वाद्यवृंदाच्या संचालकासमोर पडदा लावतात. त्यावरून एक उभी रेघ सरकत जाते. रेघ काठाला लागली की समेवर यायचंच.

१९८२ च्या ‘ई.टी.’ या चित्रपटाचा शेवट आठवा. मुलांच्या सायकलींचा पाठलाग, आणि मग तो निरोप. जॉन विल्यम्स यांनी या सलग तुकड्यासाठी संगीत लिहिलं, पण पडद्याशी सम जुळवताना त्याचा श्वास कोंडत होता. अनेकदा वाजवूनही मनासारखं होईना. तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी पडद्यावरचं चित्रच बंद करायला लावलं आणि सांगितलं, मैफलीत वाजवाल तसं वाजवा. विल्यम्स यांनी तसं वाजवलं. नंतर स्पीलबर्ग यांनी त्या ध्वनिमुद्रणाबरहुकूम दृश्यं पुन्हा कापली. त्या निरोपाला गळा दाटून येतो, याचं एक कारण मला इथे सापडतं. तिथली लय माणसांच्या हातांनी धरलेली आहे, रेघेनं नव्हे.

विल्यम्स म्हटलं की लोकांना ‘जॉज’ आठवतो, ‘स्टार वॉर्स’ आठवतो. पण १९७४ मध्ये त्यांची पत्नी, अभिनेत्री आणि गायिका बार्बरा रुइक, अचानक गेली. त्यानंतर ‘जॉज’चं काम चालू असतानाच्या त्याच वर्षांत ते एक व्हायोलिन कॉन्चेर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, लिहीत होते. १९७६ मध्ये तो पुरा झाला आणि त्यांनी तो तिच्या स्मृतीला वाहिला. त्यात तुताऱ्यांचा झगमगाट नाही. व्हायोलिन एकटं चालत राहतं, विसाव्याची जागा शोधत. त्यांच्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा तरी ऐकावा, असं मी कळकळीनं सांगतो.

फिलिप ग्लास यांची गोष्ट आपल्या अंगणातून जाते. १९६०च्या दशकाच्या मध्यावर ते पॅरिसमध्ये शिकत होते. तिथे ‘चपाक्वा’ नावाच्या चित्रपटाला पंडित रविशंकर संगीत देत होते. फ्रेंच वादकांसाठी ते स्वरलिपीत उतरवायचं काम ग्लास यांच्याकडे आलं. त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे मात्रांचे समान खण पाडले, उभ्या रेघा मारल्या, आणि वादकांचे जोर भलतीकडे पडू लागले. उस्ताद अल्लारखाँ पुन्हा पुन्हा सांगत होते की हे बरोबर नाही. शेवटी ग्लास यांनी सगळ्या उभ्या रेघा खोडल्या. तेव्हा त्यांना दोन-दोन, तीन-तीनचे गट सरळ पुढे धावताना दिसले. तबल्याचे बोल तोंडपाठ असलेल्याला यात नवल वाटणार नाही, पण त्या तरुणाची पुढची सगळी वाट यातून फुटली. १९८० मध्ये त्यांचा ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, आणि गायिलेले शब्द भगवद्गीतेतले, मूळ संस्कृतात. पुढे गॉडफ्रे रेजिओ यांच्या ‘कोयानिस्कात्सी’ या चित्रपटात एकही संवाद नव्हता. तिथे संगीत चित्राकडे बघत वाढलं आणि चित्रही संगीत ऐकून कापलं गेलं. कोण आधी, हे तिथे सांगताच येत नाही.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचं नाव, जॉन कोरिग्लिआनो. त्यांचे वडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर होते. घरात व्हायोलिनचा रियाज ऐकतच हा मुलगा वाढला. १९९८ चा ‘द रेड व्हायोलिन’ हा चित्रपट त्यांच्याकडे आला. क्रेमोना गावातला एक कारागीर एक व्हायोलिन घडवतो, आणि तीनशे वर्षं ते हातोहाती फिरत व्हिएन्ना, ऑक्सफर्ड, शांघाय करत माँट्रिऑलच्या लिलावात पोचतं. पडद्यावरच्या नटांची बोटं तारांवर खरी वाटायला हवी होती, कारागिराची बायको जी धून गुणगुणते ती चित्रीकरणाच्या वेळी हाताशी हवी होती. म्हणजे इथे संगीत आधी येणं भागच होतं.

कोरिग्लिआनो यांनी त्या बायकोच्या गुणगुणण्याखाली सात स्वरमेळांची एक साखळी ठेवली. ती पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर शतकांचा विस्तार चढत जातो. या बांधणीला पाश्चात्त्य संगीतात चॅकोन म्हणतात. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरतात आणि वादक त्यावर आपलं सगळं मांडतो, तसंच हे. व्हायोलिन वाजवलं जोशुआ बेल यांनी. या सुरावटींवरचा चॅकोन १९९७ मध्येच, चित्रपट लोकांपुढे येण्याआधी, मैफलीत वाजला होता. चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. पण संगीतकाराचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी चॅकोनला आणखी तीन भाग जोडून २००३ मध्ये पूर्ण कॉन्चेर्तो केला आणि तो वडिलांच्या स्मृतीला वाहिला. वडील १९७५ मध्येच गेले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे कॉन्चेर्तो वाजवणाऱ्या बापासाठी मुलानं लिहिलेला हा कॉन्चेर्तो.

मी आता थांबतो. त्याचं ध्वनिमुद्रण सोबत आणलं आहे. दिवे थोडे मंद करा. सुरुवातीला फार हळू ऐकू येईल, तेव्हा मागच्या मंडळींनी पुढच्या खुर्च्यांवर यावं. ते सात स्वरमेळ मोजत ऐका.