नकार लेखी द्या



महापालिका, नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींत नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांचं हे संमेलन. अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी वाहायची, असा रिवाज आहे. ती काळजी 2016च्या जानेवारीत याच पिंपरी-चिंचवड शहरात भरलेल्या 89व्या अखिल भारतीय संमेलनात चार दिवस वाहून झाली. मी आज तुमच्या एका टेबलाविषयी बोलणार आहे. विवाह नोंदणीच्या.

सुरुवात अशाच एका परदेशी टेबलापासून करतो. अमेरिकेत केंटकी राज्यात रोवन नावाची काउंटी आहे. आपला एखादा तालुका धरा. तिथे किम डेव्हिस नावाच्या बाई काउंटी क्लार्क होत्या. नाव क्लार्कचं असलं तरी हे पद निवडणुकीने भरतात. आधी त्यांच्या आई 37 वर्षं त्याच खुर्चीत, या आईच्या हाताखाली, पुढे यांचा मुलगा यांच्या हाताखाली. प्रभागाला महिला आरक्षण पडलं की दुसऱ्या दिवशी चौकात वहिनींचा फ्लेक्स लागतो, अशा गावात राहणाऱ्या आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.

26 जून 2015 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. बाई म्हणाल्या, हे माझ्या धर्मश्रद्धेत बसत नाही, माझ्या नावाने असा परवाना निघणार नाही. भेदभाव केला असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी सगळ्यांचेच परवाने बंद केले, नवरा-नवरीचेही. न्यायालयाचा आदेश आला, तो पाळला नाही, म्हणून 3 सप्टेंबरला अवमानाबद्दल तुरुंगात गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कार्यालयातल्या मदतनिसांनी परवाने द्यायला सुरुवात केली. मुलगा तेवढा अडून बसला. सुटून आल्यावर त्याच महिन्यात बाईंनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि रिपब्लिकन झाल्या. पुढच्या वर्षी राज्याने परवान्याचा नमुनाच बदलून त्यावरून क्लार्कचं नाव काढून टाकलं. 2018च्या निवडणुकीत बाई पडल्या. परवाना नाकारलेल्या एका जोडप्याला 2023 साली ज्यूरीने एक लाख डॉलरची भरपाई दिली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाईंचं म्हणणं ऐकायलाही घेतलं नाही.

बाई चुकल्या, असं माझं स्वच्छ मत आहे. ज्याला ते काम करवत नाही त्याने ती खुर्ची सोडावी. पण एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. त्या काउंटरवर उभ्या राहून, स्वतःच्या नावाने, सगळ्यांदेखत ‘नाही’ म्हणाल्या. त्यामुळे कोर्टात कुणाला उभं करायचं, हे समोरच्याला नेमकं कळलं.

आपल्याकडे ‘नाही’ कोण म्हणतं? साहेब व्हिजिटला गेलेत. सर्व्हर डाऊन आहे. सोमवारी या. वरून विचारून सांगतो. हा नकार कुठे नोंदला जात नाही, त्याला जावक क्रमांक नसतो आणि त्याच्यावर अपील करता येत नाही. एका कार्यालयात मी हे शेजारी उभं राहून पाहिलंय. दोन मुली आल्या होत्या, बोलण्यावरून वऱ्हाडातल्या, एकीच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्यांनी फक्त अर्जाचा नमुना मागितला. टेबलावरच्या गृहस्थांनी दोघींकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे कुणी तिसरा उभा आहे का ते पाहिलं, आणि म्हणाले, “नवरदेव आल्यावर या.” दोघी हसल्या. काय बोलणार? कोरा नमुना तरी द्यायला हरकत नव्हती. त्यावर पुरोहिताची सही, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि फोटो, हे सगळं भरून त्या परत आल्या असत्या तेव्हा पुढचं बघता आलं असतं.

कायदा आज काय आहे, हे तुम्हाला सांगायला नको, पण सभागृहात पत्रकार आहेत म्हणून सांगतो. 17 ऑक्टोबर 2023 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, आणि जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. समलिंगी जोडप्यांच्या बंधाला राज्याने मान्यता द्यावी, असं म्हणणारे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात गेले. आपल्या शेजारचं चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातलं कनेरसर हे त्यांचं मूळ गाव. तालुक्याला त्यांच्या सरन्यायाधीशपदाचा अभिमान आहे. त्यांच्या त्या निकालपत्राबद्दल मात्र गावोगावच्या सत्कारांत कुणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणजे आज दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया तुमच्यासमोर आल्या तर तुम्हाला नोंदणी करता येत नाही. तुमचा नकार कायदेशीर आहे. पण त्याच निकालात एका मुद्द्यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं: पारलिंगी स्त्री आणि पुरुष, किंवा पारलिंगी पुरुष आणि स्त्री, यांना चालू कायद्यांखाली लग्न करता येतं. त्यांना परत पाठवलंत तर तो नकार बेकायदेशीर. आपल्या किती टेबलांना हा फरक ठाऊक आहे? पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 साली तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, तेव्हा देशभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. उद्या त्यांतलीच कुणी गणवेश काढून, साडी नेसून, हार घातलेल्या मुलासोबत क्षेत्रीय कार्यालयात आली तर?

तुतिकोरिनला हे घडलं. एका तरुणाने 2018 साली देवळात एका पारलिंगी स्त्रीशी लग्न केलं. निबंधकाने नोंदणी नाकारली, जिल्हा निबंधकाने तो नकार कायम केला. पण त्या नकाराला कागद होता. तो कागद घेऊन जोडपं मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात गेलं, आणि 22 एप्रिल 2019 रोजी न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी हिंदू विवाह कायद्यातली वधू पारलिंगी असू शकते, असं सांगून नोंदणीचा आदेश दिला. तिथल्या निबंधकाने ‘सोमवारी या’ म्हटलं असतं तर ते दोघं आजही सोमवारीच येत असते.

आता कुणी म्हणेल, अध्यक्ष महाराज, आपला हा कारखान्यांचा पट्टा, इथे हे प्रश्न कुठे? मी म्हणतो, इथेच. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या चाळींत एका खोलीत चार-चार मुलं कॉट बेसिसवर राहतात, पाळीप्रमाणे झोपतात. दोन पुरुष एका खोलीत राहतात म्हणून इथे कुणी भुवई उंचावत नाही. उलट जोडप्यालाच खोली मिळायला त्रास होतो. गावाकडे जे लपवावं लागतं ते चाकणच्या गर्दीत आपोआप झाकलं जातं. कागद लागेपर्यंत. भविष्यनिर्वाह निधीच्या फॉर्मवर वारस लिहायचा असतो. लग्न झालेलं नसेल तर जोडीदाराचं नाव टाकायची एक फट तिथे आहे, आणि कुटुंब असेल तर तीही बंद, कारण मग कुटुंबातलंच नाव लागतं. ईएसआयच्या कार्डावर नवरा येतो, बायको येते, मुलं येतात. सहा वर्षं एका खोलीत संसार केलेला साथीदार येत नाही. प्रेस मशीनमध्ये बोटं गेली की एचआरचा माणूस फोन करतो तो परभणीला, ज्या भावाने चार वर्षं तोंड पाहिलेलं नाही त्याला. केंद्र सरकारने ऑगस्ट-सप्टेंबर 2024 मध्ये समलिंगी साथीदारांना एका रेशनकार्डावर घेण्याबद्दल, संयुक्त बँक खात्याबद्दल आणि मृतदेह ताब्यात देण्याबद्दल सूचना काढल्या. जगताना शिधापत्रिका आणि मेल्यावर देह, एवढी सोय झाली. मधलं सगळं बाकी आहे.

राजकारणाचं थोडक्यात आटोपतो, कारण त्यात थोडकंच आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने एलजीबीटी सेल काढला. 1 एप्रिल 2022 रोजी सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायदा बदलून समलिंगी विवाहाला मान्यता देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते तसंच लोकसभेबरोबर संपलं. घटनापीठासमोरच्या 2023च्या सुनावणीत केंद्राने राज्यांचं मत मागवलं, तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामने स्पष्ट विरोध कळवला. महाराष्ट्राने मुदत मागितली. म्हणजे आपल्या सरकारनेही ‘सोमवारी या’च म्हटलं. त्याच वर्षी 2 जुलैला राष्ट्रवादी पक्ष फुटला. आमदार कुणाकडे, घड्याळ कुणाकडे, कार्यालयं कुणाकडे, याच्या बातम्या महिनोन्‌महिने आल्या. तो सेल कुणाकडे गेला, हे माझ्या वाचनात आलं नाही.

पक्ष बदलणं या शहराला नवं नाही. 2017 साली महापालिकेत 128पैकी 77 जागा भाजपच्या आल्या, तेव्हा विजयाच्या मिरवणुकीत पुढे असलेले कै. लक्ष्मण जगताप आणि महेश लांडगे हे दोघंही आधी राष्ट्रवादीतलेच. त्यात गैर काही नाही, पक्ष बदलायचा हक्क सगळ्यांना आहे. डेव्हिसबाईंनी निदान एका प्रश्नावरून पक्ष बदलला; प्रश्न चुकीचा निवडला असेल, पण तो सगळ्यांना ठाऊक होता. आपल्याकडे आलेल्याला कुणी विचारत नाही, की आधीच्या पक्षाची या विषयावरची भूमिका सोबत आणलीत, की तिकडेच ठेवून आलात?

म्हणून पुढाऱ्यांकडे नाही, तुमच्याकडे मागणं आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम 2015चा आहे. अर्ज नाकारायचा असेल तर कारणं लेखी नोंदवा, आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत करायचं तेही लेखी कळवा, असं तो सांगतो. विशेष विवाह कायद्यात हरकत मान्य करून विवाह अधिकाऱ्याने लग्न लावायला नकार दिला, तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात जाता येतं. तेव्हा दोन मुली आल्या, दोन मुलगे आले, तर त्यांना बसायला खुर्ची द्या, अर्ज घ्या, आवक नंबर टाका, पोच द्या. मग कलम लिहून, तारीख घालून, सही-शिक्क्यानिशी नाकारा. तुमच्या धर्माला, मनाला, जातीला त्यात काही सोडावं लागत नाही.

नकार लेखीच द्यायचा, असा ठराव दुपारच्या सत्रात मी स्वतः मांडणार आहे. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी आपली हरकत जेवणाच्या सुट्टीत कार्यवाहांकडे लेखी द्यावी, पोच मिळेल.