लई हिरो व्हायलास का?

(जळकोटला नामविस्तार दिनी वस्तीतल्या तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी प्राध्यापक नाही. दहावी पास. मुंबईच्या गोदीत माल उचलतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. पोरं म्हणाली, महापुरुषांवर बोल. महापुरुषांवर बोलणारे लई हायत. मी एका शब्दावर बोलणार. शब्द इंग्रजी आहे, पण शेळ्या राखणाऱ्या पोरालाबी ठावूक आहे. हिरो.

हा शब्द मला इकडच्याच एका गावात मिळाला. नववीत होतो. काकानं मुंबईहून काळा गॉगल आणलेला. तो घालून सायकलवर निघालो. पारावरच्या एकानं हांडल धरलं. "लई हिरो व्हायलास का रे?" गॉगल त्याच्या टाचेखाली गेला, कानफाडात बसली ती वेगळी. म्हणाला, वस्तीपर्यंत सायकल हातात धरून चालत जायचं. गेलो. त्याच्या भावाच्या डोळ्यावर तसलाच गॉगल होता. त्याला मात्र सगळे म्हणत, हिरो दिसायलास गड्या!

शब्द एकच. त्याच्या गळ्यात हार, माझ्या कानाखाली जाळ. तवापासून मी ह्या शब्दाचा पिच्छा सोडला नाही.

हिरोला मराठीत शुद्ध शब्द नायक. भरताच्या नाट्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार आहेत. धीरोद्धत म्हणजे देव. धीरललित म्हणजे राजे. धीरोदात्त म्हणजे सेनापती आणि अमात्य. धीरप्रशांत म्हणजे ब्राह्मण आणि वाणी. यादी संपली. मेलेलं ढोर ओढणारा, दोर वळणारा, गावाची घाण काढणारा त्या यादीत कुठंच नाही. म्हंजे नाटक सुरू व्हायच्या आधीच आपल्याला पडद्यामागं हाकललं.

पण गंमत बघा. कोरेगाव भीमाच्या खांबावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत. त्यातली 22 नावं महारांची, शेवटी 'नाक' लागलेली. हे नाक म्हंजे काय? कोणी म्हणतं नाग, कोणी म्हणतं नायक. विद्वानांचं भांडण विद्वान मिटवोत. मला इतकंच दिसतं, की ज्या नाकाला गाव हिणवत आलं, ते दगडावर इज्जतीनं उभं आहे. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला तिथं गेले, ते काही दगडाला शेंदूर फासायला नाही गेले.

दुसरा शब्द वीर. संस्कृतात ह्याचा साधा अर्थ पुरुष, माणूस असाही आहे. पण वीर म्हणून दगडात कोरलं जायला मरावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ आहेत. कोणी लढाईत पडला, कोणी गाई सोडवताना पडला, त्याचा दगड उभा. इंग्रजीत हिरो ज्या ग्रीक भाषेतून आला, तिथंही एक अर्थ तोच. मेलेला योद्धा, ज्याच्या थडग्यावर लोक पूजा घालत.

म्हणजे आपल्याला हा शब्द दोनच वेळा मिळतो. जिवंतपणी शिवी म्हणून आणि मेल्यावर हार म्हणून. मधल्या अख्ख्या आयुष्याला शब्दच नाही.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, विहिरी बाटवल्या, मजुरी बंद झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत 4 ऑगस्टला पोचिराम कांबळेंना जमावानं मारून जाळलं. पोचिराम मातंग होते. नाव बाबासाहेबांचं म्हणजे फक्त बौद्धांचं, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं. पुढं 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडला गौतम वाघमारे ह्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नाव आलं, तेही अर्धं. नामांतर मागितलं, नामविस्तार मिळाला. आपण त्यांना शहीद म्हणतो. म्हणायलाच पाहिजे. पण पोचिरामांना शहीद व्हायचं नव्हतं. आपल्या गावात मान वर करून जगायचं होतं.

2023 च्या जूनमध्ये नांदेडजवळ बोंढार हवेलीत आपल्या चोवीस वर्षांच्या पोराचा खून झाला. गावात भीमजयंती काढली त्याचा राग धरून मारलं, असा आरोप आहे. त्याचाबी फोटो लागला, फुलं पडली. माझ्याच वयाचा पोरगा. मला त्या फुलांची भीती वाटते दोस्तांनो. आपल्याला फोटोतल्या पोरांची सवय होत चालली का?

आता माझ्या आजीचं सांगतो. 78 साली वस्ती पेटली तेव्हा माझा बाप दोन वर्षांचा. आजी त्याला घेऊन ओढ्याच्या काठाला लपली. तीन रात्री, वरून पाऊस. परत आली तर कणगी जळालेली. तिनं राखेतून ज्वारी निवडली, धुतली, दळली आणि तिथंच चूल मांडली. गाव सोडलं नाही.

गाव तिला मर्दानी म्हणतं. मर्दानी! म्हणजे धाडस मर्दाचंच, हिनं फक्त उसनं घेतलं. मी म्हणालो, आजी, तू माझी हिरो आहेस. ती म्हणाली, "हिरो कसला रं? लेकरू रडंल आन् त्यांला ऐकू जाईल म्हणून त्याच्या तोंडात पदर दाबला व्हता. मरतंय का जगतंय, रातभर हात थरथरत व्हता. येवढंच केलं."

येवढंच! ह्या येवढ्याला कुठल्या कोशात शब्द आहे? नाट्यशास्त्रात नाही, वीरगळावर नाही, सिनेमात तर नाहीच नाही.

शेवटी बाबासाहेबांबद्दल. आपण त्यांना हिरोच्याही वर नेऊन ठेवलं. डीजे लावला, कटआउट उभं केलं. पण ह्याच माणसानं 18 जानेवारी 1943 ला पुण्यात रानड्यांच्या जयंतीला विभूतिपूजेची चिरफाड केली होती. थोराचा आदर करा, पण आपली बुद्धी त्याच्या पायाशी गहाण टाकू नका, असा त्यांचा रोख होता. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीतही त्यांनी बजावलं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. ते पुतळा व्हायला नाही म्हणत होते आणि आपण क्रेन मागवतोय. क्रेन मी रोज बघतो. वर टांगलेल्या मालाखाली उभं राहायचं नसतं, हे गोदीतला नवा पोरगाही पहिल्या दिवशी शिकतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंदाच्या वर्गणीतून एक जाड वही घ्या. 78 बघितलेली माणसं आता सत्तर-ऐंशीची झाली. त्यांच्या पायाशी बसा. कुठं लपलात, काय खाल्लंत, कोणी दार उघडलं, कोणी लावून घेतलं, सगळं लिहून घ्या. माझ्या आजीपासून सुरू करा. ती अजून आहे, तिला अजून आठवतंय. ती गेल्यावर हार घेऊन येऊ नका.

आणि उद्या पारावरून कोणी विचारलं, लई हिरो व्हायलास का? तर सायकलवरून न उतरता सांगा, हिरो नाही, माणूस व्हायलाव. हांडल सोड.

जय भीम.