गोळी का सुटते?



क्षयरोगाच्या गोळ्या रुग्णाने आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत गिळायच्या, या पद्धतीवर जगभरच्या क्षयरोग कार्यक्रमांची मोठी भिस्त होती. आपला राष्ट्रीय कार्यक्रमही १९९७पासून याच वाटेने गेला. प्रत्येक रुग्णाचा औषधाचा वेगळा डबा केंद्रावर असे आणि रुग्ण सुरुवातीचे काही महिने एक दिवसाआड तिथे जाई. हेतू स्वच्छ होता. उपचार किमान सहा महिन्यांचा होता; गोळ्या मध्येच सुटल्या तर रोग उलटू शकतो, पुढे औषधांनाही दाद देईनासा होऊ शकतो.

या पद्धतीचा उपयोग किती, हे तपासणारा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१५ साली आला. अकरा चाचण्या, ५६६२ रुग्ण. त्यांतल्या ज्या चाचण्यांत समोर गोळी घेणारे आणि घरी आपली आपण घेणारे यांची तुलना होती, तिथे बरे होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. का दिसला नाही, याचे उत्तर मात्र त्या आकड्यांत नव्हते.

ते शोधायला २००७ सालच्या एका आढाव्याकडे वळावे लागते. सॅला मन्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण, त्यांची काळजी घेणारी माणसे आणि आरोग्यसेवक यांच्या अनुभवांवरचे ४४ अभ्यास एकत्र वाचले. मुलाखतींची सरासरी कशी काढणार? म्हणून त्यांनी मेटा-एथनोग्राफीचा आधार घेतला. जॉर्ज नॉब्लिट आणि ड्वाइट हेअर या अमेरिकी संशोधकांनी ही पद्धत १९८८ साली मांडली होती. एका अभ्यासातली कल्पना दुसऱ्याला लावून पाहायची, जुळते तिथे जोडायची, विरोध दिसला तर तो झाकायचा नाही, आणि सगळ्यांतून मिळून जो युक्तिवाद उभा राहतो तो मांडायचा.

त्यातून काय दिसले? कुणी बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडतो, तर कुणी बरे वाटतच नाही म्हणून. वरवर पाहता ही दोन उलट कारणे. शेजारी शेजारी ठेवून वाचली की कळते, दोघेही आपल्या शरीराचाच कौल मानत आहेत. सहा महिन्यांचा हिशेब डॉक्टरचा आहे, त्यांचा नाही. कुणाला केंद्रावर जायला मजुरी बुडवावी लागते, कुणाच्या घरात औषधासोबत पुरेसे अन्न नाही, कुणाला शेजारीपाजारी कळेल याची धास्ती. माझ्या मते समोर बसून गोळी गिळायला लावण्याने यातले एकही कारण दूर होत नाही. मजुरी तर उलट जास्तच बुडते.

अभ्यासांची सरासरी न काढता ते शब्दांतून एकत्र आणून अर्थ लावण्याचे, म्हणजे कथनात्मक संश्लेषणाचे, हे बळ आहे. पण या नावाखाली पुष्कळ ढिसाळ लेखनही खपते, त्याची मला चिंता वाटते. ‘अमक्याला असे आढळले, तमक्याला तसे’ अशी माळ ओवली म्हणजे संश्लेषण होत नाही. त्याहून घातक म्हणजे मते मोजणे: सात अभ्यास बाजूने, चार विरुद्ध, म्हणून उपाय चांगला. चाळीस जणांच्या चाचणीला आणि चार हजारांच्या चाचणीला इथे एकेकच मत मिळते. शिवाय छोट्या चाचणीत फरक सिद्ध झाला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही.

जेनी पोपे आणि सहकाऱ्यांनी २००६ साली कथनात्मक संश्लेषणासाठी मार्गदर्शिका लिहिली. उपाय कसा आणि कुणासाठी काम करतो याची धारणा आधी मांडा, अभ्यासांची प्राथमिक जुळणी करा, त्यांच्यातले फरक कशामुळे पडले ते शोधा, आणि शेवटी आपला निष्कर्ष किती भक्कम आहे ते तपासा. २०२० साली ‘स्विम’ नावाची नऊ कलमी यादी आली; आकड्यांची सरासरी न काढता परिणामांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्याने काय काय उघड सांगितले पाहिजे, ते तिच्यात आहे.

तुमच्यापैकी अनेक जण प्रबंधासाठी आढावा लिहीत असाल. अभ्यासांचे गट कोणत्या निकषावर पाडले, ते स्पष्ट लिहा. आणि तुमच्या निष्कर्षाशी न जुळणारा अभ्यास तळटीपेत ढकलू नका. त्याला मजकुरात जागा द्या आणि तो का जुळत नाही याचा शोध घ्या.