दुसरीच्या वर्गातला एक आठवडा

(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण 'श्रीगणेशा' म्हणतो. पूर्वी मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देताना 'श्री गणेशाय नमः' हीच अक्षरे प्रथम गिरवून घेत. तेव्हा बाप्पांच्या समोर बसून पहिली-दुसरीच्या मुलांविषयी बोलायला मिळावे, याचा मला आनंद आहे. गेली बावीस वर्षे मी दिल्लीच्या परिसरातील एका शाळेत लहान वर्गांना शिकवते. आज दुसरीच्या वर्गात आठवडाभर काय चालते ते सांगणार आहे आणि त्या ओघात एका प्रश्नाचे उत्तर देणार आहे. दर वर्षी दोन-तीन मराठी आईवडील तरी मला बाजूला घेऊन हळूच तो विचारतात : "मॅडम, घरी मराठी बोलणं बंद करू का? शाळेत मुलाचा गोंधळ होतो म्हणतात."

माझ्या वर्गात पस्तीस-चाळीस मुले असतात. कोणाच्या घरी भोजपुरी, कोणाच्या मैथिली, पंजाबी, हरयाणवी, बंगाली, मल्याळम. एखाद-दुसरे मूल आपले मराठी. शाळेत सर्वांची भाषा हिंदी आणि इंग्रजी. म्हणजे घरची भाषा वेगळी असणे ही दिल्लीत काही नवलाची गोष्ट नाही, हे आधी लक्षात घ्या.

सोमवारी आम्ही गोल करून बसतो. रविवारी काय केले ते प्रत्येकाने सांगायचे. पाहणाऱ्याला वाटेल, बाई वेळ घालवत आहेत. पण 'आधी काय झाले, मग काय झाले, का झाले' असे ओळीने सांगता येणे ही पुढे परिच्छेद लिहिण्याची पहिली तयारी असते. घरी ज्याच्याशी कोणी भरपूर बोलते, ते मूल इथे लगेच ओळखू येते. मग घरची भाषा कोणतीही असो.

मंगळवारी गणित असते. एनसीईआरटीने 2023 साली पहिली-दुसरीची नवी पुस्तके काढली. हिंदीचे 'सारंगी', इंग्रजीचे 'मृदंग' आणि गणिताचे 'आनंदमय गणित'. आमच्या टेबलावर पुस्तकाशेजारी आइस्क्रीमच्या काड्यांचा डबाही असतो. दहा काड्या झाल्या की रबर लावून जुडी करायची. दोन जुड्या आणि सहा सुट्या काड्या म्हणजे किती? मूल म्हणते 'छब्बीस' आणि लिहिते 62! हा निष्काळजीपणा नव्हे. 'छब्बीस' काय किंवा आपले 'सव्वीस' काय, कानावर आधी सहा येतात आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन, मग सहा. इंग्रजीत 'ट्वेंटी सिक्स' म्हणताना लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एकच राहतो. शिवाय आपल्याकडे 49 ला 'एकोणपन्नास' म्हणतात आणि हिंदीत 'उनचास'. पन्नासला एक कमी, असे ते नाव. लिहिताना मात्र 4 पासून सुरुवात!

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचनही दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. गणित समितीच्या अध्यक्षा, ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे समजावून सांगितले होते. जोडाक्षरांची नावे आणि उलटा क्रम यांमुळे मुले संख्यांना घाबरतात, ती भीती कमी व्हावी आणि जुनी नावेही राहावीत, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या नावांची गोडी जाईल असे ज्यांना वाटले, त्यांची हळहळही मला समजते. पण अडचण खरी होती, हे मी रोज वर्गात पाहते.

आता गंमत पाहा. आमच्याकडे एकाच जुडीला तीन नावे आहेत : पंचवीस, पच्चीस, ट्वेंटी फाइव्ह. मी मुलांना तिन्ही म्हणू देते आणि शेवटी विचारते, "जुड्या किती, सुट्या किती?" उत्तर तिन्ही वेळा तेच येते. नाव बदलले तरी संख्या बदलत नाही, ही मोठी गोष्ट दोन-तीन भाषा ऐकणाऱ्या मुलाला फार लवकर उमगते. गोंधळ, गोंधळ म्हणतात त्याचा असाही उपयोग होतो.

बुधवारी वाचन असते. मी गोष्ट वाचते, मुले चित्रांवरून पुढचे ओळखतात. मग जोडीने वाचायला बसतात. अक्षरे ओळखणे आणि गोष्ट समजणे ही दोन वेगळी कामे आहेत. काही मुले घडाघडा वाचतात आणि 'ससा का पळाला?' विचारले की गप्प राहतात. ज्यांनी घरी आजीकडून गोष्टी ऐकल्या आहेत, ती अडखळत वाचतात, पण ससा का पळाला ते बरोबर सांगतात. अडखळणे सहा महिन्यांत जाते. गोष्ट कळत नसेल तर मात्र ते भरून काढायला वर्षे लागतात.

गुरुवारी श्रुतलेखन. येथे आपली मुले पटकन ओळखता येतात. हिंदी 'पानी' लिहायला सांगितले की 'पाणी' लिहितात, 'कमल'चे 'कमळ' करतात. घरी उलटा प्रकार. 'ते पुस्तक'ऐवजी 'ती पुस्तक' म्हणतात, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंग तर हिंदीत नाहीच. आणि 'आपके बच्चे को अच्छी शिक्षा मिलेगी' हे वाक्य ऐकून गावाकडून आलेली एखादी आजी दचकली, तर तिचा काय दोष! मुलांच्या या चुकांना मी लाल शाईने गोल करत नाही. 'तुझ्या घरी कमळ, इथे कमल' एवढे सांगितले की मूल हसते आणि दोन्ही लक्षात ठेवते.

शुक्रवारी आम्ही वर्गाबाहेर पडतो. पाने गोळा करायची, दाणे रुजवायचे, शाळेच्या माळ्याला प्रश्न विचारायचे. हे नवे नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या, 1945 साली त्यांनी बोर्डीला आणि 1957 पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. बिया, शिंपले, पाने हेच तिथले शैक्षणिक साहित्य. मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. मुलांच्या घरच्या बोलीला त्यांनी कधी अडथळा मानले नाही. आमच्याकडे मात्र दिवाळीच्या सुमारास हवा बिघडते आणि लहान वर्ग बंद ठेवावे लागतात. 2023 आणि 2024 च्या नोव्हेंबरात तसेच झाले. मूल घरात, बाई मोबाइलच्या पडद्यावर! अशा वेळी वर्गाचा निम्मा भार घरावर पडतो, म्हणून घराशी बोलणे अधिकच गरजेचे आहे.

शुक्रवारी मी घरी एक चिठ्ठी पाठवते : या आठवड्यात काय केले, मुलाला काय विचारावे. काही पालक त्यावर विचारतात, "पाने किती झाली? गृहपाठ का नाही?" शाळेच्या दप्तराविषयी केंद्र सरकारने 2020 साली जे धोरण काढले, त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. वह्या भरल्या म्हणजे मूल शिकले, हा समज आता आपण सोडला पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मराठी बंद करायची का? माझे उत्तर आहे, मुळीच नाही. लहान मुलाने शिक्षणाची सुरुवात आपल्या भाषेतून करावी, असे युनेस्कोने 1953 सालीच सांगितले. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. दिल्लीत मराठी मुलाला ते सहज मिळणार नाही. पहाडगंजला आपल्या लोकांनी उभी केलेली नूतन मराठी शाळा आहे, पण नोएडा किंवा गुरुग्रामहून सात वर्षांचे मूल रोज तिथे कसे जाणार? म्हणजे आपल्या मुलाची मराठी शाळा म्हणजे आपले स्वयंपाकघरच.

बदलीमुळे नागपूरहून आलेली एक मुलगी जुलैत माझ्या वर्गात आली आणि ऑगस्ट अर्धा होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिच्या आईला कोणी तरी घरी फक्त इंग्रजी बोलायला सांगितले होते. आईची इंग्रजी बेताची, त्यामुळे घरातले बोलणेच आटले होते. मी आईला म्हटले, "आधी पूर्वीसारख्या मराठीत भरपूर गप्पा मारा." सोमवारच्या गोलात मी तिला मराठीत सांगू दिले आणि वर्गाला हिंदीत मी सांगितले. दिवाळीपर्यंत ती स्वतःच हिंदीत सांगू लागली. माझ्या सहकारी शिक्षकांनाही हेच सुचवीन. मैथिली मला येत नाही, पण मैथिली बोलणाऱ्या मुलाशेजारी ती समजणारा मित्र बसवता येतो.

हिंदी आणि इंग्रजी शाळेत, गल्लीत, टीव्हीवर मिळणारच आहेत. मराठी फक्त तुमच्याकडून मिळेल. ती थांबली तर दोन-तीन वर्षांत काय होते, तेही मी पाहिले आहे. सांगलीहून आजीचा फोन आला की नातू "हां, ठीक हूँ" म्हणतो आणि फोन आईच्या हातात देतो. आजी-नातवाचे बोलणे तेवढ्यावर संपते.

मग घरी काय करावे? महागडे काही नको. रोज पंधरा मिनिटे मराठीत गोष्ट सांगा किंवा वाचा. देवनागरी मुलाला शाळेत हिंदीसाठी येतेच. ळ ओळखायला शिकवा, 'चहा'तला आणि 'चमचा'तला च वेगळा म्हणून दाखवा, म्हणजे मराठी वाचनाची वाट मोकळी झाली. पाढे शाळेत इंग्रजीत होतील, तुम्ही 'बे एके बे' म्हणा. भाजी आणताना हिशेब मुलाला करू द्या. या दिवसांत तर गणित घरीच चालून आले आहे. एकवीस मोदक तीन ताटांत सारखे वाढायचे तर प्रत्येक ताटात किती? एकवीस दुर्वांच्या जुडीतून दहा-दहा वेगळ्या केल्या तर सुटी किती उरते? मुलाने 'ती पुस्तक' म्हटले तर हसू नका. तुम्ही फक्त "हो, ते पुस्तक आण" म्हणा.

मंडळालाही एक विनंती आहे. दहा दिवसांचा उत्सव आपण एवढ्या हौसेने करतो. उरलेल्या वर्षात दर रविवारी एक तास, कोणाच्या तरी दिवाणखान्यात, पाच-दहा मुले, एक सतरंजी आणि मराठी गोष्टी सांगणारे एक आजी किंवा आजोबा एवढे जमवता येईल का? परीक्षा नको, फी नको, शिस्तीचा बडगाही नको. पहिल्या रविवारी काड्यांचा डबा घेऊन मी स्वतः येईन. ज्यांची जागा देण्याची तयारी असेल, त्यांनी आरतीनंतर मला जरूर भेटावे.

 गणपती बाप्पा मोरया!